आधी रॅम तपासा!

सुट्टे भाग आणून घरी जोडलेला संगणक मधूनच निळा पडदा दाखवू लागला की पहिला आळ विंडोजवर. आमचा नातू तर लगेच फॉरमॅट मारायला निघतो. मंडळी, माझं मत विचाराल तर आधी रॅम तपासा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनाही ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रथम नव्या कर्नलचाच संशय आला होता. निघाली रॅम!

खराब रॅम संगणक बंद पाडतेच असं नाही. कधी गुपचूप एखादा बिट उलटवते आणि तेच चुकीचं डिस्कवर लिहिलं जातं. हे जास्त वाईट. सौभाग्यवतींच्या आईची पत्रं आमच्या संगणकात स्कॅन करून ठेवलीत, मूळ कागद वाळवीने खाल्ले.

मेमटेस्ट८६+ फुकट मिळतो, पेनड्राइव्हवरून विंडोजच्या आधीच सुरू होतो. रात्रभर चालवावा. एक चूक दिसली तरी 'एकच तर आहे' म्हणू नये. मग बायॉसमध्ये एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासावं. पट्टीवर छापलेला ३२०० वगैरे वेग बहुधा एक्सएमपीचाच असतो. तरीही चुका आल्या तर वीज बंद करून एकच पट्टी ठेवावी, मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी. गोंगाट कोण करतो हे शोधायला सगळा वर्ग एकदम बाहेर काढून चालत नाही, हे मास्तरांना ठाऊक असतं. असो.

निकाल लागेपर्यंत पत्रांच्या जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवायची नाही, असं नातवाला बजावलंय. आज रात्री दुसऱ्या पट्टीची पाळी.