टाकोची खानावळ आणि पाण्याचा हक्क

खानावळ म्हणजे पोट भरण्याची जागा, एवढेच आपण समजतो. पण वाचकहो, अमेरिकेतील एका छोट्या खानावळीची हकिकत ऐका.

कॅलिफोर्निया राज्यातील सॅन बर्नार्डिनो शहरात, मेक्सिकन कष्टकऱ्यांच्या वस्तीत, ल्युसिया रॉड्रिग्ज या बाईंनी १९३७ साली ‘मित्ला कॅफे’ सुरू केले. तेथे टाको मिळतो. मक्याची पातळ भाकरी दुमडून खरपूस तळायची. आत खिमा, टोमॅटो, लेट्यूसचा पाला आणि किसलेले चीज भरायचे. हातात धरून खायचे. कामगाराच्या खिशाला परवडणारे खाणे, म्हणून गर्दी होई.

समोरच ग्लेन बेल यांचे बर्गरचे दुकान होते. टाको ते येथेच शिकले आणि १९६२ साली त्यांनी ‘टाको बेल’ काढले. आज ती मोठी कंपनी आहे.

पण मित्लाची खरी कमाई दुसरीच. त्या शहराच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावात मेक्सिकन वंशाच्या लोकांना मज्जाव होता. वस्तीतील जाणती माणसे याच टेबलांभोवती जमली. संपादक इग्नासियो लोपेझ व इतरांनी न्यायालयात दावा लावला आणि १९४४ साली ही बंदी बेकायदा ठरली.

पाण्याच्या हक्काचे मोल आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्या वस्तीतही खानावळ आहे, चहाची टपरी आहे. तेथे वेळ फुकट जातो की वस्तीचे काम होते, हे बसणाऱ्यांनीच ठरवायचे.