हाताला दोष देण्याआधी टिप पाहा

स्नूकर पार्लरमध्ये एक दृश्य मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा नीट वाकतो, नेम धरतो, क्यू सरळ पुढे नेतो आणि ऐन वेळी ‘टक्’ असा कोरडा आवाज होऊन पांढरा बॉल भलतीकडेच जातो. मिसक्यू! भोवतालचे म्हणतात, “हात हलला.” मुलालाही ते पटतं. पुढच्या वेळी तो क्यू आणखी घट्ट आवळतो आणि आवळल्यामुळे खरोखरच चुकू लागतो. महिन्याभरात त्याची खात्री होते, की हा खेळ आपल्याला जमायचा नाही. क्यूचं टोक मात्र कुणी पाहिलेलं नसतं. पाहिलं असतं तर दिसलं असतं, की टिप घासून काचेसारखी गुळगुळीत झाली आहे, एका बाजूनं बसली आहे आणि तिच्यावर चॉक टिकतच नाही.

म्हणून खेळणाऱ्यांना, त्यांच्या आईवडिलांना आणि पार्लर चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: टिप ओळखायला शिका आणि ती स्वतःच्या हातानं बदलायला शिका. त्यासाठी यंत्र लागत नाही, कारागीर लागत नाही. घरातलं टेबल, चांगला उजेड आणि निवांत एक तास एवढं पुरतं.

आधी या चामड्याच्या चकतीचं महत्त्व समजून घेऊ. क्यू आणि बॉल यांची गाठ पडते ती सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरती. तेवढ्या क्षणात तुमचा नेम, जोर, साइड (बाजूची फिरकी), स्क्रू (उलटी फिरकी) सगळं बॉलपर्यंत पोहोचवते ती टिप. बॉलच्या मध्यापासून त्याच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्यापर्यंत बाजूला मारता येतं. त्यापलीकडे टिप घसरते. स्नूकरचा बॉल साडेबावन्न मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे तुमच्या हाती मध्यापासून जेमतेम तेरा मिलिमीटर आहेत. तेही चामडं चांगलं असेल आणि त्यावर चॉक असेल तरच. टिप खराब असली, की हे अंतर आणखी आक्रसतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मिंगो नावाच्या माणसानं क्यूच्या लाकडी टोकाला चामडं बसवलं, म्हणून बॉलला हवी तशी फिरकी देणं शक्य झालं. आज ज्या कौशल्याला आपण टाळ्या वाजवतो, ते या चामड्यावर उभं आहे.

टिप बदलायची वेळ कशी ओळखावी? खिशातलं रुपयाचं नाणं काढा. क्यू डोळ्यांसमोर आडवा धरून टिपची उभी कड पाहा. ती नाण्याच्या जाडीइतकीच उरली असेल, तर थांबू नका. पुढे लाकूड आणि पितळ यांनाच मार बसेल. टिप छत्रीसारखी बाहेर पसरली असेल, वरून चकाकत असेल, चॉक लावूनही निळी होत नसेल, तर आधी पॉलिश पेपरनं हलकेच खरवडून पाहा. तरीही चॉक धरत नसेल तर ती संपली. टिप आणि तिच्याखालची पितळी कडी, जिला फेरूल म्हणतात, यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसली किंवा अंगठ्यानं दाबल्यावर टिप हलली, तर ती आज ना उद्या उडणारच.

नवी टिप घेताना क्यूचं टोक मोजा. स्नूकरच्या क्यूला साधारण नऊ ते दहा मिलिमीटरची टिप लागते. पूलच्या क्यूला बारा-तेरा मिलिमीटरची. फेरूलपेक्षा किंचित मोठी घ्या, कारण जास्तीचं चामडं कापता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही. मऊ टिप बॉलला चांगली पकडते, पण लवकर पसरते. कडक टिप आकार टिकवते, पण चॉकची चालढकल सहन करत नाही. नवख्यानं मधली घ्यावी. एकाच डबीतल्या टिपही सारख्या नसतात. दोन-चार टिप फरशीवर टाकून आवाज ऐका. जिचा आवाज खणखणीत ती कडक, जिचा बद्द ती मऊ. कान लवकर तयार होतो.

आता प्रत्यक्ष काम. धारदार ब्लेड किंवा कटर, पॉलिश पेपरचे दोन तुकडे (एक खरखरीत, एक बारीक), काचेचा किंवा फरशीचा सपाट तुकडा, कागदी चिकटपट्टी, लाकडी फळी आणि झटपट चिकटणारा डिंक एवढं समोर मांडून ठेवा. आपल्याकडे असा डिंक म्हणजे फेविक्विक, तो चालतो. मात्र तो पाण्यासारखा पातळ असतो आणि चामड्यात जिरून ते कडक करतो, म्हणून घट्ट जेलचा प्रकार मिळाला तर तोच वापरा.

फेरूलभोवती चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे तिच्यावर ओरखडे उठणार नाहीत. पूलच्या क्यूची पांढरी फेरूल बहुधा प्लास्टिकची असते, तिला तर जास्तच जपावं लागतं. जुनी टिप ब्लेडनं पातळ पातळ कापत उतरवा. धार नेहमी बोटांपासून दूर चालली पाहिजे. मुलं हे काम करत असतील, तर मोठ्यांनी शेजारी बसावं.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. जुना डिंक पूर्ण निघून खालचं कोरं लाकूड आणि पितळेची कडी स्वच्छ दिसली पाहिजे. मी पहिल्यांदा टिप बदलली तेव्हा हे काम अर्धवट सोडलं होतं. वरून स्वच्छ दिसतं आहे ना, मग चालेल, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी भर फ्रेममध्ये टिप उडाली. मी डिंकाला दोष दिला. नंतर नीट पाहिलं तर डिंक जुन्या डिंकाच्या थरावर चिकटला होता, लाकडाला तो लागलाच नव्हता. तेव्हापासून या पायरीला मी बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ देतो.

हे टोक सपाटही हवं. खरवडताना कडा गोल होतात आणि मग टिप मध्यभागीच टेकते. स्टीलची पट्टी टोकावर उभी धरून उजेडाकडे पाहा. पट्टीखालून कुठेही प्रकाश दिसला नाही, तर टोक सपाट आहे. नव्या टिपची खालची बाजूही अशीच करायची. काचेवर पॉलिश पेपर ठेवा आणि टिप त्यावर सारख्या दाबानं फिरवा. दोन्ही पृष्ठभाग थोडे खरखरीत राहू द्या, डिंकाला धरायला जागा मिळते. मग धूळ झटका आणि बोट लावू नका. हाताचा तेलकटपणा डिंकाचा शत्रू आहे.

डिंकाचा एकच थेंब टोकावर ठेवा, पातळ पसरवा, टिप बसवा आणि ताबडतोब मध्यावर आणा. दुरुस्तीला काही सेकंदच मिळतात. मग क्यू उलटा करून टिप फळीवर टेकवा आणि वरून सरळ, स्थिर दाब द्या. क्यू तिरका होऊ देऊ नका. मिनिटभरात टिप धरेल, पण खेळायची घाई नको. रात्रभर तशीच राहू द्या. बाहेर आलेला डिंक ओला असताना पुसायला जाऊ नका, वाळल्यावर ब्लेडनं निघतो. सुती कापडानं किंवा कापसानं तर मुळीच पुसू नका. हा डिंक सुतावर पडला की झपाट्यानं तापतो आणि हात भाजू शकतो. खिडकी उघडी ठेवा, डोळे जपा.

दुसऱ्या दिवशी कापणी. टिप फळीवर टेकवून क्यू उभा धरा आणि ब्लेड फेरूलला लागून वरून खाली, फळीच्या दिशेनं चालवा. बाहेर आलेलं चामडं बारीक काढत क्यू फिरवत राहा. खालून वर कापलं तर टिप उखडायचा धोका असतो. वरून खाली कापताना फळी तिला दाबून धरते. शेवटचा केसभर भाग बारीक पॉलिश पेपरनं काढा. मग कडेला पाण्याचं बोट लावून जाड कागदानं किंवा चामड्याच्या तुकड्यानं जोरात घासा. कड चकाकू लागली की ती घट्ट झाली समजा. अशी टिप उशिरा पसरते.

वरच्या बाजूला घुमटासारखी गोलाई हवी. तिचं मापही तेच रुपयाचं नाणं. नाणं टिपमागे उभं धरा. टिपची गोलाई नाण्याच्या गोलाईशी जुळली की हात थांबवा. नवं चामडं पहिल्या काही तासांच्या खेळात दबतं आणि थोडं पसरतंच. तेव्हा घाबरू नका, बाहेर आलेला भाग कापा, गोलाई पुन्हा जुळवा. त्यानंतर टिप स्थिरावते.

पुढची काळजी रोजची आहे. चॉक प्रत्येक शॉटआधी, टिपवर सगळीकडे सारखा लावायचा. शाळेतला खडू त्याच्या जागी चालत नाही. क्यूचा चॉक म्हणजे वाळूसारखी खरखरीत पूड असते, तीच बॉलला पकडते. पावसाळ्यात क्यू ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका; लाकूड वाकतं, चामडं मऊ पडतं.

पार्लर चालवणाऱ्यांना एक वेगळी विनंती. स्नूकरचा जन्म आपल्याच देशातला, १८७५ मध्ये जबलपूरच्या इंग्रजी छावणीतला. स्वतंत्र भारताचे पहिले जगज्जेते म्हणून ओळखले जाणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मले आणि १९५८ मध्ये कोलकात्यात त्यांनी बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं. मुंबईच्या मायकेल फरेरांनी पुढे तेच विजेतेपद तीनदा जिंकलं. एवढा वारसा असलेल्या मातीत नवी मुलं खेळ शिकतात ती बहुतेक भिंतीवरच्या सामायिक क्यूवरच. स्वतःचा क्यू घेणं प्रत्येकाला परवडत नाही. तुम्ही टेबलाचं कापड घासून स्वच्छ ठेवता, दिवे बदलता. तसा आठवड्यातला एक तास क्यूच्या टोकांना द्या. एखाद्या होतकरू मुलाला हे काम शिकवा. तो टिप बदलेल आणि बॉल का घसरतो हेही शिकेल. एका टिपचा खर्च किरकोळ आहे; खराब टिपमुळे खेळ सोडून गेलेला मुलगा परत येत नाही.

आणि खेळणाऱ्या मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. स्वतः टिप बसवली, की क्यूशी नातं बदलतं. कोणत्या बाजूनं ती झिजते ते कळतं, आणि त्यावरून आपला हात कुठे झुकतो तेही कळतं. मिसक्यू झाल्यावर चूक टोकाची की हाताची, हे तुम्हाला ओळखता येईल. हाताची असेल तर सराव करा. पण आज खेळायला जाल तेव्हा पहिला शॉट मारण्याआधी क्यू उजेडाकडे धरा, खिशातलं नाणं काढा आणि टिप तपासा.