धान्य आणि अन्न

संस्कृत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें, तेव्हां एका शब्दापासूनच आरंभ करतों. 'अन्न' हा शब्द 'अद्' म्हणजे खाणें या धातूपासून झाला आहे. जें खाल्लें गेलें तें अन्न. कोठारांत पडलें आहे तें धान्य. हा भेद केवळ वैयाकरणांच्या कामाचा आहे असें वाचकांनीं समजूं नये.

धान्याच्या बाबतींत सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें, त्याच वर्षीं बंगालांत लक्षावधि माणसें भुकेनें मेलीं. तेथपासून २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यापर्यंतची मजल लहान नव्हे. या कायद्यानें ग्रामीण भागांतील शेंकडा ७५ व शहरांतील शेंकडा ५० पर्यंत लोकांस स्वस्त धान्याचा हक्क दिला. सर्वसाधारण लाभार्थ्यांस दरडोई दरमहा ५ किलो. जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य झालें. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ३५ मुलें उंचींत खुरटलेलीं आढळलीं. २०१५-१६ सालीं हें प्रमाण शेंकडा ३४ होतें.

असें कां व्हावें? गहूं-तांदूळ अन्नपुरवठा खात्याचा, अंगणवाडी बालविकास खात्याची, लस टोचणारी परिचारिका आरोग्य खात्याची, शाळेंतील खिचडी शिक्षण खात्याची. डोंगरी मुलुखांत आदिवासी विकास खातें आणखी निराळें. प्रत्येकाची वही चोख असते. पण मूल एकच, आणि तें कोणत्याच एका वहींत मावत नाहीं. तीन वर्षांखालील मुलासाठीं अंगणवाडींतून आहाराचें पाकीट घरीं देतात. पाकीट दिलें, नोंद झाली. घरीं तें त्या मुलाच्या पोटांत गेलें कीं चार भावंडांत वाटलें गेलें, हें पाहावें कोणीं? एकत्र कुटुंबांत कोठीची किल्ली एकीकडे व चूल दुसरीकडे असली, तरी कोण अर्धपोटीं उठलें हें वाढणारीला कळतें. सरकारच्या घरांत वाढणारी म्हणजे अंगणवाडी सेविका. तिच्याकडून तक्ते भरून घेणारे पुष्कळ, तिला विचारणारे थोडे.

२००५ सालीं महाराष्ट्रांत राजमाता जिजाऊ मिशन निघालें. स्वतः धान्य वाटणें हें त्याचें काम नव्हतें. निरनिराळ्या खात्यांस एका बैठकीवर आणून दोन वर्षांखालील मुलांकडे त्यांचें लक्ष वेधणें, हें होतें. त्या वयाच्या मुलांतील खुरटलेपण २००५-०६ मध्यें शेंकडा ३९ होतें, तें २०१२ च्या पाहणींत सुमारें २३ वर आलें. सारें श्रेय मिशनचें असें आम्ही म्हणणार नाहीं. मुलींचें शिक्षण, उशिरां होणारीं लग्नें यांचाही त्यांत वांटा आहे. पण मेळ बसला म्हणजे काय होऊं शकतें, तें त्यांत दिसतें.

दुसरें उदाहरण अमृत आहार योजनेचें. २०१५ पासून आदिवासी भागांत गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहींत व बाळंतपणानंतर सहा महिने स्त्रीस दिवसाचें एक गरम जेवण अंगणवाडींत मिळतें. पैसा आदिवासी विकास खात्याचा, चूल बालविकास खात्याची. योजनेचा हेतु असा कीं त्या बाईनें तेथेंच बसून जेवावें. घरीं नेलेला शिधा सर्वांचा होतो, आणि आपल्याकडील सून सर्वांच्या मागून जेवते, हें आमच्या वाचकभगिनींस निराळें सांगावयास नको. शहरांतील गरीब वस्त्यांत हीच रीत कां सुरू करूं नये, हें आम्हांस उमगत नाहीं. अंदाजपत्रकाच्या वेळीं आपल्या आमदारांस एक पत्र घालून वाचकांनीं तें विचारून पाहावें.