लाल किल्ला आपला आहे, पण शाहजहानमुळे नाही

दिल्लीला गेलेला आपला मुलगा लाल किल्ल्यात हमखास एक रील बनवतो. मागे दिवान-ए-आम, चेहऱ्यावर रुबाब आणि खाली ओळ : ‘हमारे पुरखों की हुकूमत’. माझ्या एका मित्रानेही बनवली. त्याचे दादा मालेगावात यंत्रमागावर कामाला होते. मी विचारलं, “कौनसे पुरखे, भाई?” तो हसला. रील मात्र तशीच राहिली.

मित्रांनो, हा रुबाब आपल्याला महागात पडतोय.

एक तर तो खोटा आहे. १६३९ ते १६४८ या काळात शाहजहानने हा किल्ला बांधून घेतला. दगड घडवणारे, चुना मळणारे हात बादशहाच्या खानदानातले नव्हते. आपले बापजादे कोण होते? मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी, तांबोळी, खाटीक. त्यांना दिवान-ए-खासच्या दारातही कुणी उभं केलं नसतं.

दुसरं म्हणजे, आपल्याला परकं ठरवणारेही नेमकं हेच म्हणतात : ‘तुम्ही राज्य केलंत, आता हिशेब द्या.’ तख्ताचा अभिमान मिरवणाऱ्याला तख्ताचं कर्जही स्वतःच्या नावावर घ्यावं लागतं. जे आपण कमावलंच नाही, त्याची वसुली आपल्याकडून का व्हावी?

आणि ‘मुसलमान विरुद्ध हिंदू’ या चौकटीत हा किल्ला बसतच नाही. १७३९ मध्ये दिल्ली लुटून मयूरासन नेलं ते नादिरशहाने. १७६० मध्ये दिवान-ए-खासचं चांदीचं छत उतरवलं ते सदाशिवरावभाऊंनी, फौजेच्या खर्चासाठी. १७८८ मध्ये बादशहा शाह आलमचे डोळे काढले ते गुलाम कादिर रोहिल्याने, आणि त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं ते महादजी शिंद्यांनी. सांगा, यात ‘आपले’ कोण आणि ‘त्यांचे’ कोण?

मग किल्ला आपला कसा? त्याची दोन उत्तरं याच भिंतींच्या आत आहेत.

१८५७ च्या मे महिन्यात मेरठहून निघालेले शिपाई इथे आले. त्यात हिंदूही होते, मुसलमानही. म्हाताऱ्या बहादूरशहा जफरला त्यांनी आपला नेता मानलं. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्याच्यावर त्याच्याच दिवान-ए-खासमध्ये खटला चालवला आणि त्याला रंगूनला धाडलं. किल्ल्यातले बहुतेक महाल पाडून त्यांनी बरॅकी उभ्या केल्या.

नोव्हेंबर १९४५ मध्ये इथेच आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांना आरोपी म्हणून उभं केलं गेलं : शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख; तिघांवरही आरोप होता सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. बचावाला भुलाभाई देसाई उभे राहिले आणि देशभर लोक रस्त्यावर उतरले.

हा आपला वारसा. तो रक्तातून येत नाही, सोबत लढण्यातून येतो. आणि त्यावर शिक्का बसला २६ जानेवारी १९५० ला. त्या दिवसापासून हा किल्ला कुठल्याही खानदानाचा नाही, प्रत्येक नागरिकाचा आहे. म्हणून ‘ही परक्यांची इमारत’ म्हणणाऱ्यालाही माझं उत्तर तेच : ती तुझीही आहे, माझीही आहे. दोघांनी तिकीट काढलंय, दोघांचा हक्क सारखाच.

हुकूमतीच्या आठवणीने मोहल्ल्यातली शाळा सुधारत नाही, वॉर्डात पाणी येत नाही. त्यासाठी नागरिक म्हणून अर्ज करावा लागतो, प्रश्न विचारावा लागतो, मत द्यावं लागतं. बादशहाच्या नकली वारसाला हे जमत नाही. त्याला फक्त उसासे टाकता येतात.

पुढच्या वेळी दिल्लीला गेलात तर दिवान-ए-आमशी थांबू नका. इंग्रजांच्या त्या बरॅकींपर्यंत चालत जा. तिथे आता १८५७ ची आणि आझाद हिंद सेनेची संग्रहालयं आहेत. रील तिथे बनवा. खाली शाहनवाज, सहगल आणि धिल्लन अशी तिन्ही नावं लिहा, एकही न गाळता.