गेम डी ड्राइव्हमध्ये, दोष कोणाचा?



मधल्या सुट्टीत मुले संगणक कक्षात जे प्रश्न घेऊन येतात ते सगळेच अभ्यासक्रमातले नसतात. त्यांतला एक प्रश्न अलीकडे इतक्या वेळा आला, की त्यावर वार्तापत्रात लिहावे असे आम्हा संगणक विभागातील शिक्षकांना वाटले. प्रश्न असा : "घरी नवीन डिस्क बसवली, जुनी आता डी ड्राइव्ह झाली. गेम तिच्यात आहे, दिसतोही, पण चालत नाही. काय करायचे?"

'गेम' हा शब्द वाचूनच काही पालकांच्या कपाळावर आठ्या येतील. मुलांनी किती वेळ खेळावे हा निराळा विषय आहे आणि त्याबद्दलची पालकांची काळजी रास्तच आहे. आम्हाला बोलायचे आहे ते गेम बंद पडल्यावर घरात जे घडते त्याबद्दल. बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. "बरे झाले, आता बस अभ्यासाला," असे म्हणून विषय संपवला जातो, किंवा कॉम्प्युटरवाल्या भैयांना फोन जातो आणि ते येऊन सांगतात, "फॉरमॅट करावे लागेल." आमचा विरोध दोन्हींना आहे, पण दुसऱ्याला अधिक.

आपल्या घरांत डी ड्राइव्ह ही माळ्यासारखी असते. लग्नाचे फोटो, आजोबांनी टाइप केलेल्या आठवणी, मंडळाच्या गणेशोत्सवाचे हिशेब आणि त्यांच्याच शेजारी मुलाचा गेम. आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी न चालणाऱ्या एका गेमपायी अख्खी डी ड्राइव्ह पुसली गेली. तिच्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण त्यातच होते आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. एवढे करून गेम चाललाच नाही. बिघाड डी ड्राइव्हमध्ये नव्हताच. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेली होती.

हे उदाहरण मुद्दाम दिले, कारण असे प्रसंग आता अधिक येणार आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार संपवला. त्यामुळे इंदुरातही पुष्कळ घरांत नवे यंत्र येते आहे, किंवा जुन्यातच एसएसडी बसवून नवीन विंडोज टाकले जाते आहे, आणि जुनी हार्ड डिस्क दुसऱ्या क्रमांकावर जाते आहे. (ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली असत, म्हणून हार्ड डिस्कची मोजणी आजही सी पासून सुरू होते. फ्लॉपी गेली, तिची जागा मात्र कोणी घेतली नाही!)

मुलांची, आणि खरे तर मोठ्यांचीही, समजूत अशी असते की गेम म्हणजे एक फोल्डर. ते जिकडे न्यावे तिकडे चालेल. काही छोट्या गेमच्या बाबतीत हे खरे असते. पण बहुतेक मोठे गेम बसवताना विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत आपला पत्ता लिहून ठेवतात, आणि मायक्रोसॉफ्टच्या काही सामायिक फाइली सी ड्राइव्हमध्ये टाकतात. नवीन विंडोज आले की ही नोंदवही कोरी होते आणि सामायिक फाइलीही जातात. बिऱ्हाड हलवले पण रेशन कार्डावरचा पत्ता जुनाच राहिला, तर दुकानदार धान्य कसे देणार? एमएसव्हीसीपी १४० नावाची फाइल सापडत नाही असा संदेश आला, तर गेम धड आहे पण त्याला लागणारे व्हिज्युअल सी प्लस प्लसचे साहित्य नव्या विंडोजमध्ये नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून मोफत घ्यावे. ती एकच फाइल कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेण्याचा उद्योग कृपया कोणी करू नये. गेमच्या निमित्ताने व्हायरस घरात येतो तो याच वाटेने.

गेम स्टीममधून घेतलेला असेल तर काम आणखी सोपे. नव्या विंडोजमध्ये स्टीम पुन्हा बसवावे, त्याच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज या भागात जाऊन डी ड्राइव्हवरचे जुने फोल्डर दाखवावे. तिथले गेम ते ओळखते. मग फाइली तपासून घेण्याची सोय वापरली की खराब झालेल्या किंवा हरवलेल्या तेवढ्याच फाइली पुन्हा उतरतात. पन्नास-शंभर जीबी नव्याने उतरवण्याची गरज बहुधा पडत नाही.

आता सी ड्राइव्हची गंमत. गेम डी मध्ये असला तरी खेळाची प्रगती, तात्पुरत्या फाइली, चित्रांसाठी तयार केलेले साहित्य हे सारे बहुधा सी मध्येच, वापरकर्त्याच्या फोल्डरात लिहिले जाते. सी मध्ये जागा उरली नाही की डी मधला गेम बंद पडतो. विंडोज १० मध्ये २०१७ पासून डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांना पहारा बसवण्याचीही एक सोय आहे. मूळ स्थितीत ती बंद असते, पण कोणी चालू केली असेल तर अनोळखी गेमला तिथे लिहू दिले जात नाही, आणि गेम बिचारा काही न बोलता मिटतो. म्हणजे डी मध्ये आजारी पडलेल्या गेमचे दुखणे पुष्कळदा सी मध्ये असते, आणि आपण पुसतो डी!

बाहेरून यूएसबीने जोडलेल्या डिस्कचे दुखणे वेगळे. आज तिला ई हे अक्षर मिळाले, उद्या आधी पेन ड्राइव्ह लावला म्हणून एफ मिळाले, आणि शॉर्टकट मात्र ई कडेच बोट दाखवत राहिला. शॉर्टकटवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज पाहिले की हे दोन मिनिटांत कळते. डिस्क मॅनेजमेंटमधून त्या डिस्कला कायमचे अक्षर देता येते; पण तिथे मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय जाऊ नये, आणि सी च्या अक्षराला हात लावू नये. जुन्या विंडोजमधल्या फाइलींची मालकी जुन्याच खात्याकडे राहिल्याने 'ॲक्सेस डिनाइड' असेही येते. पेन ड्राइव्ह एफएटी ३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यात मावतच नाही, मग जागा कितीही मोकळी असो.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फोल्डर उघडायलाच मिनिटभर लागत असेल, तर गेम विसरून जावे. आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, कारण अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग केले तर उरलेलेही जाते.

काही गेम मात्र काहीही केले तरी चालणार नाहीत, आणि हेही मुलांना स्पष्ट सांगायला हवे. २००० च्या आसपासच्या कित्येक गेमच्या सीडींवर सेफडिस्क नावाचे कुलूप असे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ने ते उघडणेच सोडून दिले. बाल्डर्स गेट ३ सारखा २०२३ चा गेम १५० जीबी जागा आणि तीही एसएसडीवर मागतो. जुन्या फिरत्या डिस्कवर तो अडखळला तर तक्रार कोणाकडे करणार? व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा पहारेकरी विंडोजबरोबरच सुरू व्हावा लागतो, मग गेम कुठल्याही ड्राइव्हमध्ये असो. आणि चोरीच्या प्रती? त्यांतली कुलूपतोडी फाइल अँटिव्हायरस उचलून नेतो, म्हणून अँटिव्हायरसच बंद करण्याचा सल्ला कोणीतरी देते. अशा गेमची चौकशी आमच्याकडे आणू नये.

आता ज्या कारणासाठी हा लेख खरोखर लिहायला घेतला, तिकडे येतो. सातवीतल्या एका मुलाने डी ड्राइव्हमध्ये 'खेळ' असे देवनागरीत नाव देऊन फोल्डर केले आणि जुन्या बांधणीचा एक गेम त्यात ठेवला. तो उघडेना. घरी त्याला सांगण्यात आले, "मराठीत नाव दिलेस ना, म्हणून बिघडले." नाव इंग्रजीत केल्यावर गेम उघडला. मुलाने त्यावरून जो निष्कर्ष काढला तो त्याने वर्गात सर्वांना सांगितला : कॉम्प्युटरला मराठी चालत नाही.

निरीक्षण त्याचे बरोबर होते. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा, आणि आपल्यासारख्या शाळेत तर घातक. विंडोजला देवनागरी व्यवस्थित येते. विंडोज २००० पासून मराठीचा समावेश आहे आणि तो युनिकोडच्या आधारे आहे. जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्रॅम मात्र युनिकोड न वापरता प्रत्येक भाषेसाठी ठरलेल्या अक्षरांच्या जुन्या तक्त्यांवर चालतात, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी असा जुना तक्ता कधी नव्हताच. त्यामुळे असा प्रोग्रॅम 'खेळ' वाचायला गेला की त्याच्या हाती अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. मग तो पत्ता सापडणार कसा? गेम लिहिणाऱ्याने केलेली ही हयगय आहे. विंडोज १० मध्ये २०१९ पासून जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमलाही थोडक्या बदलात ही अक्षरे वाचता यावीत अशी सोय झाली आहे. ती न वापरणे हा गेम बनवणाऱ्यांचा आळस, आपल्या लिपीचा दोष नव्हे.

व्यवहार म्हणून गेमच्या फोल्डरला रोमन नाव द्यावे, याला आमची हरकत नाही. संगणकावरचे खाते देवनागरी नावाने उघडले असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे गेम आपली प्रगती त्याच नावाच्या फोल्डरात लिहायला जातो आणि डी मध्ये असूनही अडतो. तेव्हा खेळासाठी रोमन नावाचे दुसरे खाते काढावे, जुन्या खात्याच्या फोल्डरचे नाव बदलू नये. पण निबंध, आजोबांच्या आठवणी, फोटो यांची नावे खुशाल मराठीतच ठेवावीत. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेच्या वहीत तिन्ही भाषा, अशा गावात वाढणाऱ्या मुलाला आपली भाषा कुठे चालते आणि कुठे नाही हे फार लवकर जाणवू लागते. त्यात एका गेमच्या अर्धवट बांधणीची भर कशाला? उलट त्या सातवीच्या वर्गाने गेम बनवणाऱ्यांना इंग्रजीत पत्र लिहावे असे आम्ही सुचवले आहे : कोणता गेम, कोणती आवृत्ती, फोल्डरचे नाव काय, संदेश काय आला. इंग्रजीच्या बाईंनी ते पत्रलेखनाच्या तासाला घ्यायचे कबूल केले आहे.

मुलांना आम्ही शोधाची एकच शिस्त सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, काय बदलले आणि काय झाले ते वहीत लिहा, आणि बदल निरुपयोगी ठरला तर पूर्ववत करा. विज्ञानाच्या प्रयोगवहीपेक्षा हे वेगळे नाही. चार गोष्टी एकदम बदलून गेम चालू झाला तर आनंद होतो, पण कळत काहीच नाही. संदेश न येता गेम मिटला, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बहुधा त्याची नोंद सापडते. ती तशीच्या तशी उतरवून आणलेली वही "मॅडम, चालत नाही" या वाक्यापेक्षा कितीतरी उपयोगाची.

विश्वस्त मंडळापुढे संगणक कक्षातील सर्व यंत्रांवरचे गेम काढून टाकावेत आणि डी ड्राइव्ह कुलूपबंद कराव्यात अशी सूचना काही पालकांकडून आली आहे. अभ्यासाच्या यंत्रांपुरती ती आम्हाला मान्य आहे. मात्र बदलायला काढलेल्या जुन्या यंत्रांपैकी एक दुरुस्तीच्या शिक्षणासाठी राखून ठेवावे, अशी आमची मागणी आहे. त्यात दोन डिस्क असाव्यात, कोणाचीही खाजगी फाइल नसावी आणि ते शाळेच्या नेटवर्कला जोडलेले नसावे. त्यावर सुपरटक्सकार्टसारखा मोफत आणि खुला गेम ठेवू. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास आठवी-नववीच्या मुलांपुढे तो मुद्दाम बिघडवू : कधी शॉर्टकट चुकवू, कधी अक्षर बदलू, कधी सी भरून टाकू. त्यांनी कारण शोधून वहीत लिहायचे. वेगळा खर्च काही नाही. जुनी दुसरी डिस्क एका पालकांनी देऊ केली आहे, आणि शनिवारच्या तासासाठी आमच्यापैकी दोघे थांबायला तयार आहेत. मंडळाच्या पुढील बैठकीत यावर निर्णय व्हावा, आणि तोपर्यंत कक्षातील कोणत्याही यंत्राची डी ड्राइव्ह पुसू नये, ही विनंती. त्यांतल्या तीन यंत्रांवर गेल्या पाच वर्षांच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आहेत आणि त्यांची दुसरी प्रत काढण्याचे काम आम्ही याच आठवड्यात हाती घेतले आहे.