एकदाच केली तर चालंल का?

पावसाळ्यात एकदा तरी आहुपेला जायचं, हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपचा नेम. घोडेगाव सोडलं की डिंभे धरणाचं पाणी सोबतीला येतं. कड्यावर पोचलो की खाली कोकणाऐवजी नुसतं धुकं दिसतं. मोबाइलची रेंजही जाते, म्हणजे बॉसही गेला!

गेल्या खेपेला ज्या घरी जेवायला उतरलो, तिथल्या वहिनींनी मला चुलीपाशी बोलावलं आणि हळूच विचारलं, "ताई, ती पिशवीच्या तोंडाची तपासनी असती ना, ती एकदाच केली तर चालंल का? सारखं सारखं मंचरला कोन नेनार?"

मी गप्प. आमच्या ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये पॅप स्मिअर फुकट आहे आणि सलग तीन वर्षं त्या रकान्यात मी 'नको' लिहिलंय. एकदा क्वार्टर एण्ड होता, एकदा पाळी आली होती. तिसऱ्यांदा काय सांगितलं, ते आता आठवतही नाही. खरं कारण एकच, लाज.

घरी येऊन वाचायला बसले, तर वहिनींचा प्रश्न आपल्याच महाराष्ट्रात विचारून झालेला निघाला. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायका. काही गटांना पॅप स्मिअर, काहींना एचपीव्ही चाचणी, काहींना व्हीआयए, आणि उरलेल्यांना नेहमीचीच सेवा, म्हणजे वेगळी तपासणी नाहीच. (या शेवटच्या गटावरून पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.) तपासणी प्रत्येकीची एकदाच!

आठ वर्षांनी हिशेब केला. तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या होत्या, एचपीव्हीच्या गटात ३४. पॅपच्या गटात ५४ आणि व्हीआयएच्या ५६, म्हणजे ठामपणे फरक म्हणावा असं काही नाही. आणि एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांपैकी या कॅन्सरने एकही दगावली नाही. हे २००९ मध्ये छापून आलं.

असं का? पॅपमध्ये बिघडलेल्या पेशी काचेवर शोधायच्या, त्या नेमक्या काचेवर यायला हव्यात आणि बघणाऱ्याची नजरही तयार हवी. एचपीव्ही चाचणी त्याच्या आधीची पायरी पकडते, तो विषाणूच शोधते. तिथून कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणून एक चाचणी बरीच वर्षं पुरते.

व्हीआयएला मात्र नावं ठेवू नका. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये महिनाभर शिकवलेल्या दहावी पास बायकांनी हे दर दोन वर्षांनी, चार वेळा केलं, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उत्तर जागच्या जागी मिळतं, हा मोठा फायदा. आहुपेसारख्या ठिकाणी दुसरी फेरी वाचणं म्हणजे एक दिवसाची मजुरी वाचणं. पण चार वेळा करायला कुणी तरी चार वेळा यायला हवं ना!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, पडद्यामागे, कुणी न बघता. (लाजाळूंनी नोंद घ्यावी. मी घेतलीय.) रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच रडत बसू नका. बहुतेकींचा विषाणू वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. मात्र पुढची तपासणी टाळायची नाही. आणि लस घेतली असली तरी स्क्रीनिंग चुकत नाही.

तर वहिनींना सांगायचं उत्तर असं: एकदाच जमणार असेल, तर एचपीव्हीची करा. पण पॉझिटिव्ह आली तर मंचरची एक फेरी आहेच, त्याला इलाज नाही.

आमच्या चेकअपच्या फॉर्मवर अजून पॅप स्मिअरच छापलंय. एचआरला मेल टाकलाय, आणि माझी वेळ घेतलीय, शनिवारी सकाळी अकराची. वहिनींचा फोन लागत नाही. पुढच्या महिन्यात जायचंच आहे, तेव्हा सांगेन.