चिमूटभर सिरियमचा गाजावाजा

दुर्मिळ मृदाधातू मिसळले की अ‍ॅल्युमिनियम बळकटही होतं आणि गंजतही नाही, असं सरसकट ठोकून देणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: कोणता धातू, आणि किती? स्कँडियम आणि सिरियम एकाच माळेत ओवले जातात, पण त्यांची कामं निराळी.

स्कँडियमची बाजू खरी, हे आधीच मान्य. जेमतेम ०.२ टक्के स्कँडियममुळे बनणारे काही नॅनोमीटरचे कण अ‍ॅल्युमिनियमच्या स्फटिकात इतके चपखल बसतात की ताण आला तरी अणूंचे थर सहजी घसरत नाहीत. जोडकामानंतरही बळ बरंचसं टिकतं. गोव्यात दाबोळीच्या हंसा या नौदल तळावरची मिग-२९के विमानं ज्या सोव्हिएत परंपरेतली, तिने हे मिश्रधातू विमानांत आणले ते उगाच नाही. पण प्रमाण अर्ध्या टक्क्यापुढे गेलं की जाडे कण बनतात. बळ वाढत नाही, खर्च तेवढा वाढतो. आणि गंज? मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातूत स्कँडियमने गंजरोध फारसा बदलत नाही.

सिरियमचं उलट. अ‍ॅल्युमिनियममध्ये ते जवळजवळ विरघळतच नाही. त्याची संयुगं उष्णतेत तग धरतात, म्हणून तापणाऱ्या भागांच्या ओतकामात ते शोभतं. गंजाविरुद्धचं त्याचं खरं कसब मात्र पृष्ठभागावर दिसतं. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सिरियमचे क्षार मिठाच्या पाण्यात लोह-तांब्याच्या कणांवर साचून तिथली विद्युत्‌रासायनिक क्रिया रोखतात. गंजरोधासाठी वापरल्या जाणाऱ्या विषारी क्रोमेटला हा पर्याय.

गोव्यातलं मुळगाव हे लोहखनिजाचं गाव. 'ग्रेड'ची भाषा इथे नवी नाही. तेच लोह अ‍ॅल्युमिनियममध्ये अशुद्धी म्हणून आलं, की त्याच्या कणांभोवतीचा धातू खाल्ला जातो. सिरियम-लँथनम लोहाचे सुईसारखे कण आखूड, बोथट करू शकतात. जास्त झाले, तर स्वतःचेच ठिसूळ कण घालतात.

डिचोलीकडच्या एखाद्या जुन्या स्लायडिंग खिडकीचा खालचा ट्रॅक पाहा. पांढरी भुकटी दिसते ती लोखंडी स्क्रूभोवती आणि पाणी तुंबणाऱ्या कोपऱ्यात. तिथे दोष मिश्रधातूचा नाही, जोडणीचा आहे. स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर आणि पाणी वाहून जायला भोक, एवढं केलं असतं तरी पुष्कळ होतं.

दुर्मिळ मृदेच्या नावावर कुणी जादा भाव सांगितला, तर मिश्रधातूचा क्रमांक आणि टक्केवारीचं चाचणीपत्र मागा. ते नसेल, तर पैसे २५ मायक्रॉन अ‍ॅनोडायझिंगवर घाला.